सांगून भिणारी सेसी

आफ्रिकेतल्या एका डोंगरावर, जिथे शेवटचा टप्पा घोड्यावर बसून चढावा लागतो, तिथे मी माझा तीन लिटरचा कुकर घेऊन गेले होते. लपवून. दोन स्वेटरांत गुंडाळून, वर शेकायची पिशवी ठेवून, आणि कोणी विचारलंच तर "गुडघ्याचं सामान आहे" असं सांगायचं ठरवून. तेव्हा मी अवघी बासष्ट वर्षांची होते. अक्कल यायला अजून बराच अवकाश होता.

त्या कुकरपायी एक माणूस जिवानिशी गेला असता. हे मी एवढी वर्षं सगळ्यांना हसत हसत सांगत आले, कारण तो गेला नाही. पण अजूनही दुपारी जरा आडवी झाले आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली की मी दचकते. उठून बसते. सून म्हणते, "आई, बीपी बघूया का?" बीपीला काही झालेलं नाही. मला धुकं आठवतं. आणि धुक्याच्या पाठोपाठ सेसी.

सेसी म्हणजे सेसिलिया. अंधेरीला आमच्या बिल्डिंगच्या मागे मरोळचं जुनं गावठाण आहे, त्यातल्या ओटीच्या कौलारू घरात ती एकटी राहायची. तिथली मूळची माणसं, मराठी बोलणारी ख्रिस्ती. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे एके काळी तिच्या आजोबांचं भातशेत होतं, आणि हे ती मला दर भांडणात ऐकवायची. "माझ्या आजोबांच्या चिखलात तुझा चौथा माळा उभा हाय, गो शालन. जरा हळू बोल."

अंगाने काटकुळी. खिसे असलेला सुती झगा, पायात कापडी बूट, आणि नर्सची नोकरी सुटून वर्षं झाली तरी छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ. तरुणपणी ती मिशनच्या दवाखान्यात नोकरीला म्हणून लेसोथोला गेली होती. लेसोथो हा डोंगरातला एक छोटा देश, चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला. मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते खोकल्याचं औषध वाटलं होतं. तिथे ती बरीच वर्षं राहिली, आई आजारी पडली म्हणून परतली, आणि रिटायर झाल्यावर दर उन्हाळ्यात चार-पाच बायकांना घेऊन तिथल्या एका गावी जायला लागली. "माझी दोन गावं," म्हणायची. "खालचं नि वरचं." खालचं म्हणजे मरोळ.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, बाई मोठी धाडसी असणार. तर सेसी ही मी पाहिलेली सगळ्यात भित्री बाई. तिला लिफ्टची भीती, कुत्र्याची भीती, गॅसच्या बाटल्याची भीती, डासांच्या औषधाचा धूर मारणाऱ्या गाडीची भीती. फरक इतकाच, की तुम्ही-आम्ही भीती पदराखाली धरून फिरतो आणि सेसी ती मोठ्याने सांगायची. "मना भ्या वाटतंय." हे वाक्य दिवसातून पन्नासदा. देवाचं नाव घ्यावं तसं.

मेट्रो नवीन झाली तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी सरकत्या जिन्यापाशी उभ्या. सेसी मागच्या एका कॉलेजच्या मुलीला म्हणाली, "पोरी, मना या जिन्याचं भ्या वाटतंय. हात दे." मुलीने इयरफोन काढले, हात दिला, आणि सेसी डोळे मोठे करून, ओठ हलवत, वर पोचलीसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक काय म्हणतील. मी म्हटलं, "तू हो पुढे, माझा गुडघा दुखतोय, मी साध्या जिन्याने येते." आणि दुखऱ्या गुडघ्याने तेवढ्या पायऱ्या चढून, घामाघूम होऊन वर गेले. खरं सांगायचं तर गुडघा तेव्हा ठणठणीत होता. सरकत्या जिन्यावर पाऊल टाकायला मी अजूनही भिते, पण भीतीला माझ्याकडे एकच नाव होतं, गुडघा. सेसी वर वाट बघत होती. म्हणाली, "तुझ्या गुडघ्याला लय काम पडतं गो."

तिच्या घरावर एका बिल्डरचा डोळा होता. एकदा त्याची दोन माणसं आली, जाडजूड, गळ्यात साखळ्या. मी बाल्कनीतून, वाळत घातलेल्या चादरीआडून बघत होते. सेसी ओटीवर आली आणि त्यांना म्हणाली, "बसा. मी एकटी बाई, मना तुमचं भ्या वाटतंय. म्हणून जरा माणसं बोलावते हां." आणि गल्लीकडे तोंड करून हाक मारली, "गो, दोन जण आयलेत, मना भ्या वाटतंय, या जरा बसायला." गावठाणातलं प्रत्येक घर स्टूल घेऊन आलं. एक जण तर कोंबडी काखेत धरूनच आला. सगळे गोल करून बसले, कोणी चकार शब्द बोलेना. त्या दोघांनी चहा घेतला, ऊन फार आहे म्हणाले, आणि गेले. ते पुढेही येत राहिले, असल्या गोष्टी एका चहात मिटत नाहीत, पण ती एकटी आहे असं समजून पुन्हा कधी आले नाहीत.

वरच्या गावाला निघायच्या आधी सेसीची एक मीटिंग असायची. ओटीवर सगळ्यांना बसवायची, गरम फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोळे, तळून घालायची, आणि मग प्रत्येकीने आपल्याला कशाची भीती वाटते ते सांगायचं. त्याशिवाय विमानात घ्यायची नाही. आमच्या खेपेला बोरिवलीच्या दोघी बहिणी होत्या, त्यांना घोड्याची भीती. घाटकोपरच्या कुसुमबेन म्हणाल्या, "अंधारात बाथरूमला बाहेर जावं लागलं तर?" सेसीने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. मग स्वतःचं सांगितलं. विमान, घोडा, उतारावरचा घोडा. आणि शेवटी धुकं. धुकं म्हणताना तिने हात झग्याच्या खिशात घातले.

"आम्ही दोघी नर्सा एका वाडीवर औषधं घेऊन चाललेलो," ती म्हणाली. "धुकं वर आलं. तिकडं धुकं खालून येतं, दरीतून, दूध उतू आल्यासारखं. वाटाड्या बोलला, खाली बसा, हलू नका. आम्ही बसलो. माझ्या सोबतिणीची पिशवी मागं राहिलेली, चार पावलांवर. ती बोलली, आणते." सेसी थांबली. "पहिली पिशवी सापडली. मग ती."

कुसुमबेनच्या हातातला फुगा तसाच राहिला.

"म्हणून सांगते, धुकं आलं की बसायचं. कोण हरवलं तरी दुसऱ्यानं शोधायला नाय जायचं."

मग बाकीचे नियम. वरच्या गावात पाहुणे घरोघरी पाळीने उतरतात, घोडेही पाळीने लागतात, म्हणजे एकाच्याच घरात सगळं जात नाही. मिळकतीतला एक वाटा त्या घराचा, एक गावाचा. त्यातूनच त्यांनी झऱ्याला दगडी बांध घातला होता, आणि दवाखान्याकडे उतरणारी वाट नीट केली होती. तिथे कोणी काही वाटायचं नाही. गोळ्या नाहीत, पेनं नाहीत, जुने कपडे नाहीत. "आपण पाहुणे जातो. देव नाय जात." आणि आपलं खाणंपिणं, भांडी, काही न्यायचं नाही. "त्या घरची बाई रांधून घालते, तो तिचा मान नि तिची कमाई. तू तिच्यासमोर थेपले काढून बसलीस, कुसुमबेन, तर तिनं काय तुझं तोंड बघायचं?"

सगळ्यात शेवटी माझी पाळी आली. "शालन, तुना कसलं भ्या?"

मी पाय हलवत, फुगा खात म्हटलं, "मला कसली भीती? मी लालबागची. गिरणगावात वाढले."

सेसीने माझ्या ताटलीत आणखी एक फुगा टाकला. मग म्हणाली, "बरं."

खरं काय होतं ते आता सांगते. गिरणी बंद पडली तेव्हा ह्यांची नोकरी गेली आणि घरात दोन लहान मुलं. त्या दिवसांत मी आमटीत पाणी वाढवत नेलं, वाढवत नेलं, इतकं की मुलगा वाटीत बघून म्हणाला, आई, माझं तोंड दिसतंय. पुढे सगळं ठीक झालं, ह्यांना अंधेरीत काम मिळालं, फ्लॅट झाला, मुलं मार्गी लागली. पण तेव्हापासून मी मूठभर तांदूळ आणि डाळ घेतल्याशिवाय घराबाहेर रात्र काढलेली नाही. मुलाच्या लग्नात, पाचशे माणसांचं जेवण रांधलेलं असताना, माझ्या पर्समध्ये तांदळाची पुरचुंडी होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. भुकेला भिणारी बाई म्हणजे दरिद्री, असं तेव्हा मला वाटायचं.

म्हणून कुकर.

ती चढण मी जन्मात विसरणार नाही. घोडे लहानखुरे, गरीब डोळ्यांचे, आणि वाट एवढीशी की घोड्याचा एक पाय दगडावर आणि दुसरा जवळजवळ हवेत. उजव्या हाताला खाली दरी. किती खोल ते मला सांगता येणार नाही, कारण मी निसर्ग बघते आहे असा चेहरा करून डोळे मिटून बसले होते. घोड्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे त्याच्या पाठीवर बसल्या बसल्या समजत होतं. पुढे सेसी. "मना भ्या वाटतंय, मना भ्या वाटतंय," असं टापांच्या तालावर म्हणत चाललेली. मागे बोरिवलीच्या बहिणींनीही तेच सुरू केलं, मग कुसुमबेननी. डोंगरात आमची दिंडी चालली होती भीतीची. मी तेवढी गप्प. माझ्या दातांचा आवाज मलाच ऐकू येत होता.

आमची पाळी होती मालेराटोच्या घरी. तिकडे बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावाने ओळखतात, लेराटोची आई ती मालेराटो. वयस्क बाईला 'म्मे' म्हणायचं, म्हणजे आई. माझ्यापेक्षा जरा लहान, खांद्यावर जाड लोकरीचं ब्लँकेट टाचणीने अडकवलेलं, हसली की गालावर दोन खळ्या. तिचा नवरा तेबोहो घोडे सांभाळायचा. गोल दगडी झोपडी, वर गवताचं छप्पर, आत शेणाने सारवलेली जमीन. जळण म्हणजे गोवऱ्या. तो धूर नाकात गेला आणि मला माझ्या कोकणातल्या आजोळची चूल आठवली. म्हणजे घाबरण्यासारखं तिथे काही नव्हतं. मालेराटो मक्याच्या पिठाचा घट्ट, वाफाळता गोळा आणि रानभाजी भरभरून वाढायची. माझ्या ताटाकडे तिचं बारीक लक्ष असायचं.

तरी पिशवीतला कुकर मी रोज एकदा हात घालून चाचपायची.

त्या दिवशी दुपारी सेसी सगळ्यांना झऱ्याचा बांध दाखवायला घेऊन गेली. मी म्हटलं, गुडघा. मालेराटो पाणी आणायला गेली होती. दुपार कलली. चुलीवर काहीच नव्हतं. तिला का उशीर होतोय ते मला कळेना, आणि त्या रिकाम्या चुलीकडे बघता बघता माझ्या पोटात ती जुनी कळ उठली. भूक नव्हती ती. सकाळी चांगली पोटभर खाल्लेली. पण रिकामी चूल म्हणजे काय, हे माझ्या पोटाला ठाऊक होतं. मी कुकर काढला. डाळ-तांदूळ, हळद, चिमूटभर हिंग. गोवऱ्या फुंकल्या. बाहेर तेबोहो घोडे आत घेत होता. गोठा म्हणजे छप्पर नसलेलं दगडी कुंपण. दरीतून पांढरं काहीतरी वर येत होतं, ते मी बघितलं आणि मला ते छान वाटलं. सांगते ना, अक्कल यायची होती.

पहिली शिट्टी झाली.

आपल्याकडे त्या आवाजाने झोपलेलं मूलही कूस बदलत नाही. त्या डोंगराने तसला आवाज जन्मात ऐकला नव्हता. घोडे पिसाळले. मी धावत दारात आले तोवर करडी घोडी, पोटात शिंगरू असलेली, कुंपणाच्या खचलेल्या बाजूवरून उडी टाकून गेली होती. तेबोहो दोर घेऊन तिच्या मागे. दोघं त्या पांढऱ्यात शिरले. आधी घोडी दिसेनाशी झाली, मग तो, मग त्याची हाक.

मी आत गेले, कुकर उतरवला आणि त्याच्यावर स्वेटर टाकला. हे मी केलं. बासष्ट वर्षांच्या बाईने.

झऱ्याकडून सगळे परतले तेव्हा धुकं दारापर्यंत आलं होतं. मी एवढंच सांगितलं, करडी घोडी बुजून पळाली आणि तेबोहो तिच्या मागे गेला. मालेराटोने कुंपणाच्या टोकाला उभं राहून नवऱ्याला हाका मारल्या. तिचा आवाज जाड, पण दोन हातांवर जाऊन विरायचा, कापसात दाबल्यासारखा. गावातली माणसं जमली. तेबोहोचा भाऊ ब्लँकेट आवळून निघाला. मालेराटोने त्याचं ब्लँकेट मुठीत धरलं आणि सोडेना. तो ओढत होता, ती रडत नव्हती, नुसती धरून होती. त्या बाजूला कडा आहे आणि धुक्यात तो दिसत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

सेसीने खिशात हात घातले. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून आपल्या भाषेत तेच, "मना भ्या वाटतंय. लय भ्या वाटतंय." मग भावासमोर आडवी उभी राहिली. "कोणी जायचं नाय."

मी दाराला टेकून उभी होते. तिने विचारलं, "घोडी कशानं बुजली? आम्ही वर येताना कसला आवाज झाला?"

"कसला आवाज?" मी म्हटलं.

 तिने नाक वर करून वास घेतला. हिंगाचा वास लपत नाही. आत गेली, स्वेटर उचलला.

त्या क्षणी तिने मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती कुकरकडे बघत उभी राहिली, डोकं एका बाजूला कलतं करून, रोग्याची नाडी बघावी तशी. मग म्हणाली, "ह्याचा आवाज झऱ्यापर्यंत आला, गो. धुक्यातून आला." आणि बाही मागे सारली. "डाळ काढ. पाणी घाल. आग वाढव."

मग जे सुरू झालं त्याची लांबी मला आजही सांगता येत नाही. गोवरीची आग सावकाश. एक शिट्टी व्हायची, आणि सगळं गाव श्वास धरून ऐकायचं. उत्तर नाही. मग पुढच्या शिट्टीपर्यंत शांतता. ती शांतता म्हणजे कुणी उशी तोंडावर दाबून धरल्यासारखी. उरलेले घोडे शेजारच्या झोपडीत कोंडले होते, त्यांच्या नाकपुड्यांचा आवाज येत होता. मी चुलीशी बसून फुंकत होते. माझ्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं आणि गोवरीचे तुकडे आत सरकवायला लागलं. बघते तर मालेराटो. जिचा नवरा माझ्यामुळे धुक्यात गेला होता, ती माझ्या चुलीत जळण घालत होती. तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मी फक्त तिचे हात बघत राहिले. ते एका मापाचे तुकडे मोडत होते.

मध्येच शिट्टी येईना. किती तरी वेळ येईना. जळका वास सुटला. आतलं पाणी आटलं होतं. झाकण उघडायचं तर वाफ जिरेपर्यंत थांबायला हवं, आणि थांबायचं म्हणजे तेवढा वेळ डोंगर मुका. त्या वेळी मी पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं. मोठ्याने. "सेसी, मला भीती वाटतेय."

"आता बोलली," सेसी म्हणाली. "पाणी ओत."

पाणी ओतलं. पुन्हा आग. पुन्हा वाट. शिट्टी झाली, तिच्या मागे लगेच दुसरी, आणि दुसरीच्या शेपटीला धरून धुक्यातून एक बारीक हाक आली. मालेराटोच्या हातातली गोवरी खाली पडली.

तेबोहो आला तेव्हा आधी त्याच्या हातातला दोर दिसला, मग तो. घोडी नव्हती. तो दाराशी मटकन बसला आणि कुकरकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. सेसीने मला सांगितलं, पण सांगताना भिंतीला हात टेकला. "तो बोलतो, घर समोर हाय असं समजून तो निघालेला. तेवढ्यात हे ओरडलं, त्याच्या पाठीमागं. म्हणून तो थांबला. खाली बसला नि पाय पुढं करून चाचपलं. पुढं काही नव्हतं."



सकाळी धुकं उतरलं, आणि खालच्या एका वाडीच्या गोठ्यात करडी घोडी सापडली. एक पाय सोललेला, लंगडत होती, पोट सुखरूप. मग गाव बसलं. गावची मुख्य एक म्हातारी बाई होती. सेसीने तिला सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. तिच्यासाठी काय पणाला लागलं होतं ते मला तेव्हा समजलं. एवढी वर्षं तिच्या शब्दावर त्या लोकांनी परक्या बायकांना चुलीपर्यंत येऊ दिलं होतं. तो शब्द मी स्वेटरात गुंडाळून ठेवला होता.

"उभी राहा," सेसी मला म्हणाली. "कुकर का आणलास ते सांग. गुडघा बोलायचं नाय."

मी उभी राहिले. आमटीत दिसणारं मुलाचं तोंड, तांदळाची पुरचुंडी, सगळं सांगितलं. सेसी एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत गेली. शेवटी मी म्हटलं, "मी उपाशी राहीन अशी मला भीती वाटत होती."

मालेराटो उठली. मला वाटलं, आता ही थुंकणार. ती म्हणाली, आणि सेसीने सांगितलं, "माझ्या घरात पाहुणी भुकेला भिऊन झोपली नि मना कळलं नाय. हे मना लागलं. घोडीचं नंतर बघू."

त्या वाक्याने मी जितकी खजील झाले तितकी त्याआधी कधी झाले नव्हते आणि नंतरही नाही.

म्हातारीने निकाल दिला तो असा. कुकर गावाचा. तो शेवटच्या घरी, कड्याच्या बाजूला राहील, आणि माणूस बाहेर असताना धुकं आलं तर चुलीवर चढेल. पण आधी घोड्यांना त्या आवाजाची सवय करायची, रोज थोडी, लांबून. निघायच्या दिवशी मालेराटोने मला तिच्या चुलीवर वरण करायला लावलं. चव घेतली, विचार केला, म्हणाली, मीठ कमी आहे. आणि घोडी लंगडी म्हणून उतारावर माझ्या वाट्याला घोडा आला नाही. मी पायी उतरले. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला ती दरी, आणि या खेपेला डोळे उघडे. पूर्ण वाटभर मोठ्याने भीत होते.

सेसी पुढे बरेच उन्हाळे जात राहिली. करडीला शिंगरू झालं, त्याचं नाव त्यांनी कुकर ठेवलंय म्हणून येऊन सांगितलं. मग हळूहळू तिला दम लागायला लागला. ओटीवरून गल्लीच्या नळापर्यंत जाताना दोनदा बसायची. हृदयाची झडप बदलायची ठरली.

ऑपरेशनसाठी भरती व्हायच्या सकाळी मी पिशवी खांद्याला लावून गेले तेव्हा ती ओटीवर बसली होती. मे महिना, अंगाची लाही होतेय, आणि हिने मालेराटोने दिलेलं ते लोकरीचं ब्लँकेट खांद्यावर टाचलेलं. टॅक्सी आली. ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, मना भ्या वाटतंय, हळू चालव." तो म्हणाला, "घाबरू नका मावशी." ती म्हणाली, "घाबरणार. तू हळू चालव." सिस्टरला काय सांगायचं, भूल देणाऱ्या डॉक्टरला काय सांगायचं, सगळ्या भीती तिने ओळीने मला म्हणून दाखवल्या. शेवटची भीती सांगताना हात ब्लँकेटात घातले.

मी तिला टॅक्सीत, सोबत निघालेल्या गावठाणातल्या शेजारणीजवळ बसवलं, उशी दिली, दार लावलं. काच खाली होती. तिने माझा हात धरला. माझा दुसरा हात टॅक्सीचं दार सोडत नव्हता.

"तुना भ्या वाटतंय काय, शालन?"

"छे," मी म्हटलं. "मला कसली भीती? तू येणारच आहेस परत. हे आपलं, गुडघा दुखतोय म्हणून."

टॅक्सी सुरू झाली होती. सेसीने काचेतून डोकं बाहेर काढून माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "खोटारडी. पिशवी उघड बघू, कुकर कुठं लपवलास?"